सेनापती, थोडक्यात

४ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत उरकून घेतो, कारण पुढे बरंच दटावायचं आहे.

फोन करू नकोस असं मीच सांगितलं होतं ते बरं झालं. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू गोड बोलून हवं ते पदरात पाडून घेतेस. कागदावर तुझी ही चलाखी चालत नाही. तर उत्तर असं, की हो. शाळेच्या समारंभात तुझ्या कचेरीतल्या हौशी मंडळींनी ‘सेनापती’ करायला माझी हरकत नाही. पेटी पाठवतो आहे. झगा, तलवार, दाढ्या सगळं तीत आहे. आपली नाटक कंपनी बंद झाल्यापासून पेटी उघडलेली नाही, तेव्हा झगा आधी उन्हात घाल.

त्या मंडळींना गोष्ट नीट समजावून सांग. हा सेनापती स्वतःच्या मुलाला फितूर ठरवून गडाबाहेर काढतो आणि महाद्वार लावून घेतो. मुलगा निर्दोष होता हे कळतं तोवर मुलगा गेलेला असतो. मग म्हातारा त्याच दाराशी प्राण सोडतो. बापाने केलेल्या चुकीचं नाटक आहे ते, तलवारबाजीचं नाही.

माझ्या अटी दोन. एक ओळसुद्धा कापायची नाही. पाच अंक म्हणजे पाच अंक. आणि सेनापतीवर कोणी हसता कामा नये. उभ्या जन्मात माझ्या सेनापतीवर कोणी हसलेलं नाही. एकदा शेवटच्या प्रवेशात पहारेकरी शिंकला आणि मागे कोणी तरी खुसखुसलं, तर त्या पहारेकऱ्याला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवला होता. या अटी मोडल्यास तर पेटी परत कर आणि मला अप्पा म्हणू नकोस.

तू स्वतः काम करणार नाहीस हे धरून चालतो. तुझी जागा विंगेत, पुस्तक घेऊन. तुझ्यासारखा प्रॉम्प्टर मला कधी मिळाला नाही. अडलो की तू वाक्याचे पहिले दोन शब्द कानावर टाकायचीस, पुढचं गाडं माझं मी हाकायचो. त्या मंडळींनाही तसंच सांभाळ.

अप्पा

२२ जानेवारी

अप्पा,

पाया पडते असं समजा. पेटी पोचली. झगा उन्हात घातला, डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र जाता जात नाही.

प्रयोग झाला. काही माणसं ऐन वेळी पोचू शकली नाहीत, पण निभावलं. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. शेवटी टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापिका आत आल्या त्या डोळे पुसतच. त्यांना बोलता येईना, नुसता माझा हात धरून उभ्या राहिल्या. आता वाचनालयाने बोलावलंय आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनीही. पेटी अजून थोडे दिवस ठेवून घेऊ का?

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला शेक देता का? खालच्या डॉक्टरांना विचारून गोळी बदला, नुसतं सोसत बसू नका.

तुमची,
धाकटी

२७ जानेवारी

धाकटे,

डोळे पुसत होत्या! तुझं पत्र मी खाली जाऊन डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. दवाखान्यात बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं. पेटी ठेव, हवी तितके दिवस ठेव.

पण तू लिहिण्यात कंजूस झाली आहेस. सेनापती कोण करतो? प्रयोग किती वाजता सुटतो? आमचा सुटायचा तेव्हा लोक पेंगुळलेल्या पोरांना खांद्यावर टाकून बाहेर पडायचे, आणि तरी रडत असायचे. तुझ्या सेनापतीला मरण जमतं का? बहुतेकांना जमत नाही. त्याला सांग, पडणं म्हणजे कोसळणं नव्हे. आधी गुडघा टेकव, मग कोपर, मग गाल. गाल जमिनीला लागला की थांब. लोकांना वाटतं संपलं. मग मान उचल आणि शेवटचं भाषण सुरू कर, ‘हे महाद्वारा’पासून. सबंध हॉल तुझ्या मुठीत येतो.

हे मी आजवर कुणाला शिकवलं नव्हतं. तू विचारलं नाहीस, तरी देतो आहे.

अप्पा

१३ फेब्रुवारी

अप्पा,

तुमच्या सूचना मी मंडळींना वाचून दाखवल्या. आधी गुडघा, मग कोपर, मग गाल, मग पुन्हा मान वर. परवा वाचनालयात तसंच केलं आणि काय सांगू, अख्खा हॉल कोसळला. एक बाई तर खुर्चीवरून घसरल्या. लोक ‘वन्समोअर’ म्हणून ओरडले, तेव्हा सेनापतीला पुन्हा मरावं लागलं.

सेनापती आपले शिंपीकाका करतात. कंपनीचे कपडे शिवायचे तेच. रागावू नका. त्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही तालमी करतो. कापडाचे गठ्ठे ढकलून जागा करायची, आणि कात्री कुठे ठेवलीय ते बघूनच खाली बसायचं. तिसरा आमचा लांब्या. शाळेची बस चालवतो, दारातून येताना वाकावं लागतं त्याला.

वेळेचं विचारलंत. वेळ कसा गेला ते लोकांना कळत नाही, एवढंच सांगते.

तुमची,
धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

शिंपी! माझ्या झग्याला जन्मभर टाके घालणारा माणूस आता तो झगा अंगात घालून मरतो? आणि ‘तिसरा लांब्या’ म्हणजे काय? या नाटकात चौदा पात्रं आहेत. तिसऱ्यानंतरची अकरा कुठे आहेत?

आणखी ऐक. डॉक्टर त्यांच्या बहिणीकडे तुमच्या गावी गेले होते, तिथे त्यांनी तुमचा प्रयोग पाहिला. परत आले ते जिन्यातच मला गाठून म्हणाले, ‘अप्पा, काय हो तुमची लेक! तीनदा मेला तो, तीनदा!’ वन्समोअरचं तू लिहिलं होतंस, म्हणून मी मान डोलावली. मलाही मिळायचे. पण हे सांगताना त्यांचं तोंड कसं तरी होत होतं. मी विचारलं, ‘हसताय का?’ तर म्हणाले, ‘छे, खोकला आलाय.’ आणि स्वतःच्याच दवाखान्यात शिरून दार लावून घेतलं.

हा माणूस कुणाच्या दुखण्याला हसत नाही. तुझ्या पत्रांत कुठे तरी पोकळी आहे, धाकटे. शब्द सगळे जागच्या जागी आहेत, पण मी जातीचा नट, गाळलेली जागा मला कळते.

मी येऊन बघणार आहे.

अप्पा

२५ फेब्रुवारी

अप्पा,

आत्ता येऊ नका. तुमचा गुडघा दुखरा आहे, गाडीला गर्दी असते, आणि इथे खोली वरच्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे. उन्हाळ्यात मीच न्यायला येते. तोवर नाटकही बसेल नीट. आत्ता कच्चं आहे.

माझं ऐका एवढं.

धाकटी

१ मार्च

धाकटे,

जिने मी चढलो आहे. तिकीट काढलं. पुढच्या शनिवारच्या प्रयोगाला येतो, आधी दोन दिवस कंपनीत बाजाची पेटी वाजवायचा त्या माझ्या जुन्या पेटीवाल्याकडे उतरेन. मला शोधत बसू नकोस. मी प्रेक्षकांत असेन आणि प्रेक्षकासारखाच बसेन.

अप्पा

४ मार्च

अप्पा,

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून देवाला नाही, पोस्टमनला हात जोडले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी आता उघडते.

आमचं ‘सेनापती’ विनोदी आहे.

झालं असं. शाळेच्या त्या दिवशी कचेरीतली मंडळी घेऊन येणारी गाडी वाटेत बंद पडली. पेटी घेऊन आधी पुढे आलेले आम्ही तिघेच, मी, कपडे बसवायला आलेले शिंपीकाका आणि पेटी उचलायला आलेला लांब्या. हॉल भरलेला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘काही तरी करा, पण तासाभरात हॉल मोकळा द्या.’ शिंपीकाकांना तुमचा झगा चढवला, गळ्यातली मोजपट्टी काढायची तशीच राहिली. लांब्याला राणीची साडी घोट्याच्या वरच राहिली. पुस्तक मला तोंडपाठ, म्हणून मी स्टूल घेऊन स्टेजच्या कडेलाच बसले, कारण विंग नव्हतीच तिथे.

आणि मी तेच केलं जे तुमच्याकडे आयुष्यभर केलं. पहिले दोन शब्द टाकले. पण अप्पा, पुढचं गाडं हाकायला ते तुम्ही नव्हता. शिंपीकाकांना पुढचं काही येतच नव्हतं. मी म्हटलं, ‘अरे कृतघ्ना’, ते गरजले, ‘अरे कृतघ्ना!’ आणि गप्प. मी घाबरून पुढच्या वाक्याचे दोन शब्द टाकले. ते तेवढेच म्हणाले. बापलेकाचं अख्खं भांडण दहा-बारा शब्दांत उरकलं. मग हॉलमधून एक हसू आलं, मग दुसरं. मला थांबता आलं असतं. पुस्तक माझ्या हातात होतं, पुढचं सगळं वाक्य मी सांगू शकत होते.

नाही सांगितलं. उलट आणखी कमी सांगितलं. मला ते आवडलं, अप्पा. लहानपणापासून मी अंधारात बसून दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातले. त्या दिवशी मी उजेडात होते आणि लोक माझ्याकडे बघत होते.

आता आम्ही आणखी दोन जुनी नाटकं अशीच आवळली आहेत. नाव ठेवलं आहे, ‘थोडक्यात मंडळी’. मी कचेरी सोडली, हेही तुम्हाला सांगितलेलं नाही.

तुम्ही घातलेल्या दोन्ही अटी मी मोडल्या आहेत. तुम्हाला तुमच्या खुर्चीत बसून हे वाचता यावं, तिथे लोकांत बसून कळू नये, एवढंच मागते. येऊ नका.

धाकटी

१० मार्च

अप्पा,

पत्र तुम्हाला मिळालं नव्हतं. काल तुमच्या चेहऱ्यावरून कळलं.

जे झालं ते मी जसंच्या तसं लिहिते, नाही तर ते माझ्या डोक्यात फिरत राहील. शेवटचा प्रवेश होता. शिंपीकाका दुसऱ्यांदा मरायला टेकले होते. मी स्टुलावरून म्हटलं, ‘हे महाद्वारा’. त्यांनी तोंड उघडलं. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, ‘हे महाद्वारा, तुझे काष्ठही भिजले, माझे नेत्र मात्र कोरडेच राहिले.’

सगळं वाक्य. पहिल्या अक्षरालाच मी ओळखलं. तुमचा आवाज मी ओळखणार नाही तर कोण? एक क्षण तर मला बरं वाटलं, अप्पा, कुणी तरी एकदाचं वाक्य पुरं केलं म्हणून. लोक माना वळवून बघायला लागले. शांतता पडली. आमच्या कामात अशी शांतता म्हणजे काही तरी बोलायची जागा. माझ्या तोंडून गेलं, ‘आजोबा, सगळं म्हणत बसलात तर आम्ही घरी कधी जायचं?’

हॉल फुटला. तुम्ही उठून टोपी शोधायला लागलात. टोपी मिळेना. लोकांना वाटलं तुम्ही आमच्यातलेच, ते त्यालाही हसले. तुम्ही खुर्च्यांच्या खाली वाकून बघत होतात आणि ते टाळ्या वाजवत होते. मी स्टुलावर बसून होते. उठले नाही. प्रयोग पुरा केला.

मला नकळत गेलं असं लिहिणं सोपं आहे. तसं नाही. मला माहीत होतं तुम्ही आहात.

टोपी मागून तिसऱ्या रांगेत सापडली. पेटीवाल्याकडे गेले तर तुम्ही पहाटेच निघाला होता.

धाकटी

२ एप्रिल

वर काय लिहायचं ते कळत नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुम्ही अट घातली होती आणि मी ती मोडली.

तीन पत्रं पाठवली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की तुम्ही बरे आहात, जेवता, खाली उतरत नाही. माझं नाव काढलं तर म्हणे दुसरा विषय काढता.

पेटी आज रवाना केली. झग्याची उसवलेली बाही शिंपीकाकांनी शिवली आहे. टोपी आत आहे. ‘सेनापती’ आम्ही थांबवलेलं नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. लोक तेच मागतात. आता झग्याऐवजी जुना पडदा गुंडाळतो.

धाकटी

१५ एप्रिल

धाकटे,

घरी आलो तेव्हा तुझं चार तारखेचं पत्र दाराच्या फटीतून आत पडलेलं होतं. माझा पाय त्याच्यावरच पडला. वाचायला मला बरेच दिवस लागले. एका वेळी एक परिच्छेद वाचायचो आणि ठेवून द्यायचो.

मला लागलं. ते आधी लिहितो, कारण तू विचारलं नाहीस. तुझ्या बोलण्याचं लागलं, पण टोपी शोधताना जास्त लागलं. मी वाकलो होतो आणि वर माणसं हसत होती. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला? डॉक्टरांना सांगितलं की नाटक लवकर संपलं.

मी बोलणार नव्हतो. प्रेक्षकासारखा बसेन असं लिहिलं होतं आणि तसा बसलोही होतो, हाताची घडी घालून. तू दोन शब्द टाकलेस आणि पुढचं तोंडातून आपोआप आलं. तू शब्द टाकायचास आणि मी उचलायचा, हेच तर आपण वर्षानुवर्षं केलं. त्यात माझी काय चूक?

आता मुद्द्याचं. तुम्हा लोकांना वाटतं सेनापती लांबलचक आहे म्हणून हसण्यासारखा आहे. मी म्हणतो, तुम्हाला तो पेलत नाही म्हणून तुम्ही छाटला. नाचता येईना, अंगण वाकडं. तर मी पैज लावतो. तुझ्या पुढच्या प्रयोगात शेवटचा प्रवेश आला की शिंप्याने बाजूला व्हायचं. मी येईन. शेवटचं भाषण पुरं म्हणेन, पहिल्या शब्दापासून मरेपर्यंत. तुझे प्रेक्षक, तुझा हॉल, तुझं हसणारं गिऱ्हाईक. कोणी एक जण जरी हसला, तरी मी हरलो. मग सेनापती तुझा, चिंध्या कर, मी कधी तोंड उघडणार नाही. आणि कोणी हसलं नाही, तर तू सेनापती बंद करायचास. कायमचा.

पेटी घेऊनच येतो आहे.

आणि वर जागा मोकळी सोडत जाऊ नकोस. पत्र कुणाचं आलं तेच कळत नाही.

अप्पा

१९ एप्रिल

अप्पा,

तुम्ही पत्राखाली ‘अप्पा’ लिहिलंत, म्हणून हा शब्द मीही पुन्हा लिहिते.

मंडळींना तुमचं पत्र वाचून दाखवलं. लांब्या भडकला. म्हणाला, ‘बापलेकीचं भांडण घरात मिटवा, लोकांना तिकिटं काढायला लावून कशाला?’ त्याचं बरोबर आहे. त्याने बस सोडली आहे, आणि आमच्या तीन नाटकांपैकी लोकांना खरं हवं असतं ते हेच. ते गेलं तर आम्ही फार दिवस टिकणार नाही. शिंपीकाका मात्र म्हणाले, ‘त्यांचा झगा आहे, त्यांना घालू दे.’ आणि मशीनवर जाऊन बसले.

तर कबूल. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी.

पण अप्पा, मी कुणाच्या बाजूने हात जोडू ते सांगा. लोक हसले तर तुम्ही मोडून जाल, आणि या वेळी ते मी डोळ्यांसमोर पाहीन. नाही हसले तर माझं सगळं गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. तुम्हाला राग आला आहे हे मला कळतं. पण तुम्हाला भीती वाटत नाही का? मला झोप नाही.

मी शब्द टाकणार नाही. पुस्तक मिटून ठेवीन. तुमचं भाषण तुमचं.

तुमची,
धाकटी

२८ एप्रिल

अप्पा,

तुम्ही काहीच न बोलता गाडीत बसलात, म्हणून लिहिते. इथे मंडळींत वाद पेटला आहे आणि तो तुमच्याशिवाय कोणी मिटवू शकत नाही.

शिंपीकाकांनी पेटीतला झगा काढून तुमच्या खांद्यावर टाकला, तेव्हा लोक हसले. त्यांना वाटलं, आणखी एक गंमत. तुम्ही काही केलं नाहीत. नुसते उभे राहिलात. मी पुस्तक मांडीखाली दाबून बसले होते. हसू हळूहळू विरलं. मग तुम्ही गुडघा टेकलात, मग कोपर, मग गाल. याच पडण्याला तो हॉल दर शनिवारी हसतो. काल कोणी हसलं नाही. मान वर आली आणि तुम्ही सुरुवात केलीत. पुढच्या रांगेत कोणी तरी दाण्यांची पुडी चुरगाळत होतं, ते थांबलं. ‘माझे नेत्र मात्र कोरडेच राहिले’ला माझे राहिले नाहीत. तुमच्या आवाजाला वय झालंय, अप्पा. पूर्वी त्या ओळीत नुसती गर्जना असायची. आता त्यात दुसरं काही तरी आहे, आणि ते मला सोसवत नव्हतं.

तुम्ही गेलात. म्हणजे सेनापती गेला. तरी हसू नाही. आम्ही हरलो होतो. लांब्याने तर माझ्याकडे बघून मान हलवली आणि राणीचा मुकुट काढून ठेवला.

आणि मग काहीच होईना. तुम्ही पडून, लोक बसून. मला काही केल्या कळेना की आता काय व्हायला हवं. आमचा सेनापती मरतो आणि उठून पळतो, त्यामुळे आम्हाला कधी गरजच पडली नव्हती. मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे पडदा नाही. एक जुना होता, तो शिंपीकाकांना गुंडाळत होतो. तुम्हाला हे सांगायचंच राहून गेलं.

तुम्ही डोळे मिटून तशीच वाट बघत होतात. मग जमिनीला गाल लावूनच म्हणालात, ‘अगं, पडदा कुठाय?’

तुमची कुजबुज म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. आणि पाठोपाठ, ‘हात दे गं. उठता येत नाहीये.’

हॉल असा हसला की छताचा पंखा हलला असेल. मी स्टूल पाडून धावले. पाय माझ्या आधी धावले. तुमचा हात धरला आणि तुम्ही उठताना माझ्या कानाशी काही तरी म्हणालात, ते मला त्या गलक्यात ऐकू आलं नाही.

लांब्या म्हणतो, तुम्ही मुद्दाम केलंत. एवढा मुरलेला नट पडदा आहे की नाही ते बघितल्याशिवाय मरेल का? शिंपीकाका म्हणतात, अप्पा जीव गेला तरी स्वतःवर हसू देणार नाहीत. मी दोघांना तुमच्या पत्रापर्यंत थांबवलं आहे. सांगा, मुद्दाम होतं का? आणि पैज कोण जिंकलं?

तुमची,
धाकटी

४ मे

धाकटे,

मुद्दाम नव्हतं. पडदा आहे की नाही ते बघायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या हयातीत पडदा नसलेल्या ठिकाणी मी मेलोच नव्हतो. गुडघा टेकतानाच कळ आली होती, पण सुरू केलेलं थांबवायचं कसं? नंतर पडून राहिलो. वाटलं, दोरी अडकली असेल. मग वाटलं, तुम्ही सूड घेताय. मग कंबर बोलायला लागली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही गेली नाही, बडबडलोच.

पैज मी हरलो. हे लिहून देतो, त्या लांब्याला दाखव. पण भाषण संपेपर्यंत कोणी हसलं नाही, हेही त्याला दाखव.

लोक हसले तेव्हा मला वाटलं, आता ब्रह्मांड कोसळणार. मी डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात तू हात धरलास, आणि उठायचं म्हणजे डोळे उघडावे लागतात. सेनापती मेल्यावर मी आजवर डोळे उघडले ते पडद्यामागे. पडदा पुन्हा वर जाईतो लोक उभे राहून टाळ्या वाजवत असत, सावरलेले, चेहरे नीटनेटके केलेले. त्या क्षणी लोक कसे दिसतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. समोर एक बाई बसली होती. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती, तिला दोन्ही आवरेना, शेजारच्या माणसाच्या बाहीत तोंड खुपसत होती. तिच्या मागचे तसेच, त्यांच्या मागचे तसेच. ते माझ्यावर हसत नव्हते गं. मी उठतोय म्हणून त्यांना बरं वाटत होतं.

कानाशी काय म्हणालो ते ऐकू आलं नाही, असं लिहिलंस. ‘सोडू नकोस,’ म्हणालो. गुडघ्यासाठी म्हणालो होतो. नंतर गाडीत बसल्यावर वाटलं, नुसतं गुडघ्यासाठी नसावं. म्हणून बोललो नाही.

पुढच्या शनिवारी येतो. शिंप्याला म्हणावं, पहिली दोन मरणं तुझी, शेवटचं माझं. भाषण मी पुरं म्हणणार, त्यातलं अक्षर कापू देणार नाही. मी पडतो तिथे सतरंजीखाली काही तरी मऊ घाला, गुडघा अजून सुजलेला आहे. पडदा मात्र लावू नका.

अप्पा